हुल्द्रा आधी पाठमोरी बघावी : जुना नॉर्वेजियन स्टिरिओ रेडिओ घेणाऱ्या नवख्यांसाठी

नॉर्वेत वसंतात आणि शरदात शाळांची बँडपथकं जुन्या सामानाचे बाजार भरवतात. पथकाला गणवेश शिवायचे असतात, वाद्यं दुरुस्त करायची असतात. म्हणून अख्खी वस्ती आपले माळे रिकामे करून सामान शाळेत आणून टाकते आणि पालक ते वर्गावर्गांत मांडून विकतात. 'लॉपेमार्केद' म्हणतात त्याला. पुस्तकं एका वर्गात, काचसामान दुसऱ्यात, आणि विजेच्या वस्तूंच्या खोलीत टोस्टर नि प्रिंटरच्या ढिगाखाली सागवानी पेटीतला एक लांबट, बुटका रेडिओ. समोर काचेची डायल, दोन जड मुठी, दाबायच्या बटणांची रांग.

ओस्लोला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी असा एक उचलला. घरी आणला आणि चहाचं आधण ठेवायच्या आधी प्लग लावला. सात-आठ मिनिटं तो छान गायला. मग खोलीत जळक्या माशासारखा वास सुटला, पाठीमागून पांढरा धूर निघाला आणि शेजारच्या आजी दार वाजवून विचारायला आल्या, की सगळं ठीक आहे ना.

त्या रेडिओचं नाव हुल्द्रा. नॉर्वेजियन लोककथांतली ही रानातली बाई. समोरून इतकी देखणी की माणूस घरची वाट विसरतो, पण पाठीमागे तिला गायीची शेपूट असते. गावातली जाणती माणसं म्हणून तिला आधी पाठमोरी बघायला सांगतात. रेडिओला हे नाव देणाऱ्यांच्या मनात तसलं काही नसणार, पण जुना सेट घेण्याची रीत याहून नेमकी मला सांगता येणार नाही. पुढचं सगळं त्या शेपटीबद्दल आहे.

आपण घेतोय ते नेमकं काय

टँडबर्ग हा वेब्यर्न टँडबर्ग यांनी १९३३ साली ओस्लोत काढलेला कारखाना. 'हुल्द्रा' आणि 'सोल्वसुपर' ही त्यांच्या टेबलावरच्या रेडिओंची दोन मोठी घराणी. पिढी बदलली की नावापुढचा आकडा वाढायचा. दुसरं नाव रादिओनेट, म्हणजे यान वेसेल यांनी १९२७ मध्ये सुरू केलेली कंपनी. स्टिरिओच्या काळात त्यांची 'साउंडमास्टर' मालिका गाजली. १९७२ मध्ये टँडबर्गने रादिओनेट विकत घेतली आणि १९७८ च्या डिसेंबरात टँडबर्गचंच दिवाळं निघालं. संस्थापक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. बाजारात हाती लागतात ते बहुतेक सेट साठ-सत्तरच्या दशकांतले, म्हणजे पन्नाशीच्या आसपासचे किंवा ती ओलांडलेले.

नवख्याने आधी एवढं ओळखायला शिकावं, की सेट व्हॉल्व्हचा आहे, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा आहे की सिलिकॉनचा. झाकणाच्या भोकांतून काचेच्या नळ्या दिसल्या तर व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर असतील तर त्यांच्यावरचा नंबर वाचा. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर 'ए' असेल तर जर्मेनियम (एसी, एडी, एएफ), 'बी' असेल तर सिलिकॉन (बीसी, बीडी, बीएफ). इतकं साधं आहे. माझं मत विचाराल तर पहिला सेट सत्तरच्या दशकातला सिलिकॉनवाला घ्या. व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो हे खरं, पण त्याच्या पोटात अडीचशे व्होल्टच्या घरात डीसी खेळत असते आणि शिकाऊ हाताला ती क्षमा करत नाही. जर्मेनियमचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

आणि पेटीवर 'स्टिरिओ' लिहिलंय म्हणून रेडिओही स्टिरिओत वाजेल असं समजू नका. एफएमवर स्टिरिओ पाठवायची आजची पद्धत, १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर आणि ३८ किलोहर्ट्झवर डाव्या-उजव्यातला फरक, ही अमेरिकेत १९६१ मध्ये मंजूर झाली. त्या सुमाराच्या युरोपियन सेटांमध्ये दोन अँप्लिफायर असायचे ते रेकॉर्डसाठी आणि टेपसाठी. रेडिओचा स्टिरिओ डीकोडर हा पुष्कळदा वेगळा विकत घेऊन आत बसवायचा तुकडा होता, आणि अनेकांनी तो कधी बसवलाच नाही. समोर स्टिरिओचा छोटा दिवा असेल तर आशा धरा, नसेल तर विचारून घ्या.

बाजारात : तिथल्या तिथे काय बघायचं

सेट फिरवा. पाठ भिंतीकडे करून ठेवलेला असला तरी फिरवा, कोणी काही म्हणत नाही. मागचं झाकण जागेवर आहे का, स्क्रू सगळे आहेत का, वायर कडक होऊन तडकली आहे का ते बघा. स्क्रू एकमेकांशी जुळत नसतील तर तुमच्याआधी कोणीतरी आत जाऊन आलंय. ते वाईटच असतं असं नाही, पण माहीत असावं. भोकाला नाक लावा. जुन्या लाकडाचा, धुळीचा, थोडा मेणाचा वास चालेल. जळका किंवा माशाचा वास आला की आतला कुठलातरी कंडेन्सर (वीज साठवणारा तुकडा) किंवा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) गेलेला असतो. दुरुस्त होतो, पण भाव पाडायला कारण मिळतं.

मग मुठी फिरवा. ट्यूनिंगची मूठ फिरवल्यावर काटा सरकतो का? मूठ जड आणि भरदार फिरायला हवी, मागे चाकाचं वजन जाणवायला हवं. मूठ नुसती गरगर फिरली आणि काटा जागेवरच राहिला तर डायलची दोरी तुटलेली आहे. हे दुखणं दिसायला भयंकर, बरं करायला एका संध्याकाळचं. बटणं एकेक दाबून बघा, आत अडकून बसतात का. मुठी मूळच्याच आहेत ना तेही बघा. एक मूठ हरवली की तशीच दुसरी मिळवण्यात वर्ष जातं.

डायलची काच फुटलेली असेल तर सेट सोडून द्या. बाकी सगळं मिळतं, ती मिळत नाही.

आता सगळ्यांना नंतर सुचणारा प्रश्न. यावर वाजणार काय? नॉर्वेने राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, असं करणारा हा पहिला देश. ११ जानेवारी २०१७ रोजी नूरलान प्रांतापासून सुरुवात झाली आणि १३ डिसेंबरला अगदी उत्तरेकडे शेवट. आता तिथे राष्ट्रीय वाहिन्या सगळ्या डीएबीवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर, आहेत. एफएमवर उरली आहेत ती लहान स्थानिक केंद्रं. लाँगवेव्हवरचं इंगॉय बेटावरचं १५३ किलोहर्ट्झचं केंद्रही २०१९ च्या अखेरीस थांबलं. स्वीडनच्या सीमेलगत राहत असाल तर नशीबवान आहात, स्वीडनचं एफएम अजून चालू आहे. बाकीच्यांनी काय करायचं ते पुढे सांगतो. डायलवर एफएमचा पट्टा कुठपर्यंत जातो तेही पाहून ठेवा: जुन्या सेटांवर १०० किंवा १०४ मेगाहर्ट्झला संपतो, नंतरच्यांवर १०८.

घरी आणल्यावर : प्लग लांब ठेवा

पहिलं काम, प्लगच्या वायरला एक गाठ मारून ती सेटच्या मागे चिकटपट्टीने डकवून टाका. हात आपोआप भिंतीकडे जातो, म्हणून सांगतोय.

सेट थंडीतल्या गॅरेजमधून आला असेल तर एक रात्र खोलीत नुसता ठेवा. आत दव धरतं. दुसऱ्या दिवशी झाकण काढा आणि काहीही हलवायच्या आधी फोटो काढा. भरपूर. दोरी कुठून कशी गेलीय, कुठली वायर कुठल्या पिनला आहे, काळ्या टोपीवर कुठला आकडा आहे. पुष्कळ सेटांत सर्किटचा कागद आतल्या बाजूला चिकटवलेला किंवा पाकिटात खोचलेला सापडतो. सापडला तर आधी त्याचा फोटो, कारण तो कागद हातात घेतल्यावर पापडासारखा तुटतो. धूळ मऊ ब्रशने उडवायची आणि व्हॅक्यूमची नळी जवळ धरून ओढून घ्यायची, आत घासायची नाही.

डायलची काच पुढून ओल्या फडक्याने पुसा. मागून चुकूनही नको. गावांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि पन्नास वर्षांत त्या शाईची पकड इतकी सैल झालेली असते, की नुसत्या दमट कापसानेही निघून येते. माझ्या दुसऱ्या सेटवर लक्झेंबर्ग नाही. कापसावर होतं.

विजेबद्दल, आणि नॉर्वेच्या विजेबद्दल वेगळं

आपल्याकडे एक वायर फेज आणि एक न्यूट्रल हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. नॉर्वेतल्या पुष्कळ घरांत तसं नाही. तिथली जुनी पद्धत अशी, की घरात येणाऱ्या दोन्ही वायरी फेजच्या आणि त्यांच्यामध्ये २३० व्होल्ट. न्यूट्रल नावाची वायरच नाही. म्हणजे टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. जुन्या रेडिओचं बटण एकच वायर तोडत असेल तर बंद सेटच्या आतही दुसरी जिवंत असते. म्हणून सेटवर काम करताना बटण बंद केलंय हे पुरेसं नाही. प्लग भिंतीतून काढून समोर टेबलावर ठेवायचा, डोळ्यांना दिसेल असा.

प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर वीज धरून बसतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करायची पद्धत दुकानांत दिसते, पण ती सोडा. एक-दोन किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशनवाल्या वायरी डाख देऊन जोडा, दहा-पंधरा सेकंद लावून धरा आणि मग मल्टीमीटरने मोजून बघा. व्हॉल्व्हच्या सेटात डावा हात खिशात. हे सगळं वाचून पोटात गोळा येत असेल तर व्हॉल्व्हचं काम जाणत्या माणसाकडे न्या. त्यात कमीपणा नाही. नॉर्वेत रेडिओचा इतिहास जपणाऱ्यांची 'नोर्स्क रादिओहिस्तोरिस्क फोरेनिंग' ही संघटना आहे. तिथली मंडळी नवख्याला हाकलत नाहीत, उलट एक प्रश्न विचारला की दोन तास सोडत नाहीत.

व्होल्टेज निवडायची चकती मागे किंवा आत असते. २२० आणि २४० दोन्ही पर्याय असतील तर २४० वर ठेवा. हे सेट २२० च्या काळात घडले, आता भिंतीत २३० आहे. आवाजात फरक कळणार नाही, ट्रान्सफॉर्मर मात्र थंड राहील.

सीरीज बोर्ड

आपल्याकडच्या कुठल्याही रेडिओ-मोटर दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर एक पाटी असते: एक होल्डर, त्यात पिवळा बल्ब, आणि त्याच्याशी सीरीजमध्ये एक सॉकेट. लहानपणी आमच्या गल्लीतल्या दुकानात मी तो बल्ब पेटताना-मंदावताना तासन् तास बघत असे आणि तो का पेटतो हे कळायला ओस्लोपर्यंत यावं लागलं.

गंमत अशी आहे. सेटमध्ये शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर पडतं, बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. ट्रान्झिस्टरच्या सेटला ४० ते ६० वॅटचा, व्हॉल्व्हच्या सेटला १०० वॅटचा बल्ब लावा. फिलामेंटचाच हवा, एलईडीने यातलं काहीही होत नाही. तसले बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, त्याच लॉपेमार्केदमध्ये खोक्यात सापडतात.

पण सीरीज बोर्डवरही प्लग लावायच्या आधी एक तुकडा शोधा. प्लगची वायर आत जिथे येते, बटणाच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळ, तिथे दोन्ही वायरींच्या मध्ये आडवा बसवलेला एक कंडेन्सर बहुधा असतो. पारदर्शक मधाळ रंगाचा असेल तर बॅटरीच्या उजेडात नीट बघा: अंगभर बारीक तडे दिसतील, जुन्या कपबशीवर असतात तसे. आत कागद असतो, तड्यांतून दमट हवा शिरते, कागद फुगतो आणि कधीतरी, चालू केल्यावर दहा मिनिटांनी म्हणा, तो फुटतो. माझा धूर तोच होता. तोपर्यंत तो इतकी वर्षं शांत बसला होता आणि मी त्याला थेट २३० व्होल्ट दिले. हा तुकडा चांगला आहे की वाईट याची चिकित्सा करू नका, काढून टाका. त्याच मापाचा नवीन, 'एक्स २' असं छापलेला घ्या. साधा कंडेन्सर या जागी चालत नाही. चार पैशांच्या कामासाठी अख्खं घर धुराने भरू नये.

फ्यूजही तपासा. पातळ काचेच्या नळीऐवजी चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज मी दोनदा पाहिलाय, एकदा तर चॉकलेटचा.

आता स्पीकर न लावता सीरीज बोर्डवर चालू करा. बल्ब मंद झाला, वास नाही, काही कढत नाही, तर अर्धा तास तसाच राहू द्या. वर्षानुवर्षं उपाशी असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांना कमी व्होल्टेजवर हळूहळू जाग आणणं हाही यात हेतू आहे. बल्ब लख्खच राहिला तर बंद करा. रेक्टिफायर किंवा मोठा फिल्टर कंडेन्सर शॉर्ट असण्याची शक्यता जास्त.

पहिला आवाज

ट्रान्झिस्टरच्या सेटात स्पीकर लावायच्या आधी स्पीकरच्या सॉकेटवर डीसी व्होल्टेज मोजा. सॉकेटवर एक-दोन व्होल्ट ठाण मांडून बसलेले असतील तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर किंवा त्यापुढचा कंडेन्सर गेलाय, आणि चांगला स्पीकर लावलात तर तोही जाईल. जवळपास शून्य असेल तर आधी एखादा भंगारातला स्पीकर लावून बघा.

व्हॉल्व्हच्या सेटात वेगळी जागा मोजायची. आउटपुटला ईएल ८४ असेल तर त्याच्या २ नंबरच्या पिनवर चेसिसच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, तुलनेत शून्य व्होल्ट हवेत. अर्धा-एक व्होल्ट जरी धन दिसला, तरी आधीच्या टप्प्यातून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय. तो तसाच ठेवला तर व्हॉल्व्ह लाल होतो आणि ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. सगळे कंडेन्सर बदलायला बसू नका. हा एक, फिल्टरचा एक आणि वर सांगितलेला मधाळ, एवढ्यांची आधी खबर घ्या.

आवाज आला पण मूठ फिरवताना खर्रखुर्र होतेय, बटण दाबल्यावर एक बाजू गायब होते, हे शंभरात नव्वद सेटांचं असतं. त्यावर उपाय कॉन्टॅक्ट क्लीनर, नळीवाला, बटणाच्या फटीत एक थेंबभर फवारा आणि मग प्लग काढलेल्या स्थितीत तेच बटण तीस वेळा दाबणं. दारांच्या बिजागऱ्यांना मारतो तो स्प्रे इथे चालत नाही, त्याचं तेल धूळ धरून बसतं.

जर्मेनियमच्या सेटात एफएम किंवा मीडियमवेव्ह हळूहळू बहिरं झालेलं असतं, आणि टिचकी मारली की क्षणभर येतं. एएफ ११४ ते ११७ या नंबरांचे छोटे धातूचे डबे असतील तर कारण बहुधा हे: डब्याच्या आत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि डब्याला आतल्या पायाशी जोडतात. या ट्रान्झिस्टरांना चार पाय असतात, चौथा फक्त डब्याला जोडलेला. तो कापला की पुष्कळदा रेडिओ जागा होतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं मीच काहीतरी मोडलं, इतका एकदम आवाज आला.

डायलची दोरी

हे काम लोकांना उगाच भिववतं. मला यातच सगळ्यात जास्त मजा येते.

दोरी विणीची घ्या, जाडी जुन्या तुकड्यावरून ठरवा. मासेमारीची प्लॅस्टिकची दोरी मोह पाडते, पण ती ताणते आणि घसरते. जुनी दोरी तुटलेली असली तरी फेकू नका. टेबलावर सरळ करून मापून ठेवा. मग गँग कंडेन्सर, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा पात्यांचा ट्यूनिंग कंडेन्सर, पूर्ण बंद करा, म्हणजे त्याच्या पात्या एकमेकींत पुऱ्या शिरल्या पाहिजेत. मोठ्या चाकाच्या आत एक छोटी स्प्रिंग असते, दोरीचं एक टोक तिथून निघतं आणि दुसरं तिथेच परत येतं. कागदावर बाण काढून वाट ठरवा. मुठीच्या दांड्यावर दोन किंवा तीन वेढे पडतात. ते एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. शेजारी शेजारी, पाटावरच्या कुरडयांसारखे. चिमट्याने ओढायचं, बोटांनी नाही. बोटाचं तेल लागलं की दोरी घसरते. शेवटची गाठ मारताना स्प्रिंग अर्धी ताणलेली हवी. गाठीवर डिंकाचा किंवा नेलपॉलिशचा ठिपका.

काटा सगळ्यात शेवटी अडकवा. एखादं ओळखीचं केंद्र लावा आणि काटा दोरीवरून सरकवत त्याच्या आकड्यावर आणून दाबा.

जोडण्या

या सेटांवर लाल-पांढरे गोल सॉकेट नसतात, डीआयएन नावाच्या जुन्या जर्मन मानकाचे असतात. स्पीकरच्या प्लगला एक पिन चपटी, एक गोल. दोन्ही स्पीकरांच्या वायरी एकाच पद्धतीने जोडा. एक उलटी झाली तर मधोमध उभं राहिल्यावर तबल्याचा बायाँ गायब झाल्यासारखं वाटतं. त्या काळी युरोपात चार ओहमचे स्पीकर नेहमीचे, आठ ओहमचेही चालतात. सेट चालू असताना स्पीकरच्या वायरी एकमेकींना लागू देऊ नका. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर सेटांत त्यापासून बचाव काहीच नाही.

फोन जोडायचा असेल तर टेपरेकॉर्डरचं पाच पिनांचं सॉकेट शोधा. पिनांचे आकडे रांगेने एक-दोन-तीन असे नसतात; १, ४, २, ५, ३ असे असतात आणि प्लगवर पिनांशेजारी बारीक कोरलेले असतात. २ ही जमीन (ग्राउंड), ३ वर डावा, ५ वर उजवा. १ आणि ४ ही बाहेर जाणारी, रेकॉर्डिंगची बाजू. बाजारात मिळणाऱ्या तयार वायरींपैकी काही नेमक्या १ आणि ४ ला जोडलेल्या असतात आणि मग लोक म्हणतात सेट बिघडलाय. ग्रामोफोनच्या सॉकेटात फोन लावू नका. मॅग्नेटिक पिकअपसाठी असेल तर आवाज फाटतो.

याच सॉकेटात स्वस्तातला डीएबी अडॅप्टर जोडला की नॉर्वेतल्या वाहिन्या परत येतात. पण डायल मग नुसती शोभेची. मला ते पटत नाही. मी फोनला गाडीत वापरतात तसला छोटा एफएम ट्रान्समीटर लावतो. युरोपात ५० नॅनोवॅटपर्यंत त्याला मुभा आहे, एका खोलीला ती पुरते. मग मूठ फिरवून 'केंद्र' लावता येतं. एफएमसाठी अँटेनाला टी-आकाराची चपटी वायर, आडवी बाजू सुमारे दीड मीटर, ३०० ओहमच्या सॉकेटात. मीडियमवेव्ह आणि शॉर्टवेव्हला खिडकीबाहेर लांब तार, आणि घरातले चार्जर काढून ठेवा; त्यांचाच गोंगाट जास्त असतो. काही नॉर्वेजियन सेटांवर मासेमारी बोटींच्या बोलण्याचा वेगळा पट्टा असतो. किनाऱ्यावरच्या घरात नवरा कुठवर पोचला हे त्यावर ऐकलं जायचं.

पेटी, आणि मायदेशी न्यायचा असेल तर

पेटी सागाची म्हणतात, पण वर सागाचा पातळ पापुद्रा (व्हिनियर) असतो, अख्खं लाकूड नाही. घासायचा मोह आवरा, एक मिलिमीटरसुद्धा नसतो तो. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, वाळल्यावर सागासाठीचं तेल अगदी थोडं, अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने पुसून काढायचं.

काही सेट शिसवीचे असतात, फार सुंदर. ब्राझिलियन शिसवीचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळपास बंद आहे, त्यामुळे तसला सेट कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेऊ नका. सागवानी न्या. वीज तीच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, फक्त चकती २४० वर हवीच. मुंबईत १०४ ला संपणाऱ्या डायलवर आकाशवाणीचं एफएम गोल्ड १००.७ वर सापडेल, रेनबो १०७.१ वर असल्यामुळे काचेच्या बाहेर राहील.

सगळं झाल्यावर झाकण बसवायच्या आधी पेन्सिल घ्या. माझ्या पहिल्या हुल्द्रेच्या झाकणाच्या आत कोणा दुरुस्तीवाल्याने तारीख आणि बदललेल्या व्हॉल्व्हचा नंबर लिहून ठेवला होता, अक्षर शाळामास्तरासारखं. त्याच्याखाली मी लिहिलं: मधाळ कंडेन्सर बदलला, दोरी नवीन, २४० वर.